चेन्नईला बाईक रेसचे फोटो काढायला जातेय, तयारी काय करू?

पुणेरी_क्लिक:
नमस्कार मंडळी, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैला मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे ना, तिथे नॅशनल बाईक रेसिंगचा राऊंड बघायला भावासोबत जातेय. कॅनन १५००डी कॅमेरा, ५५-२५० आणि किटची १८-५५ या दोन लेन्स एवढंच आहे, मीडिया पास नाही, प्रेक्षकांत उभं राहूनच काढणार. आत्तापर्यंत पक्ष्यांचे फोटो काढलेत, त्यामुळे शटर स्पीड १/२००० सेकंद ठेवायची सवय. तेच इथे चालेल का? आणि मध्ये जाळी आली तर काय करायचं? नवी लेन्स घ्यायचं बजेट नाही, पण फोटो मनापासून चांगले यायला हवेत.

शटरवाला_कोल्हापूर:
ताई, लेन्स बदलायची काय गरज नाही, तुमच्या कॅमेऱ्यातल्या छोट्या, म्हणजे क्रॉप सेन्सरवर २५० म्हणजे ४०० मिमीचा व्ह्यू मिळतोय की. पण १/२००० विसरा. चाकाचे स्पोक मोजता येतील इतकं फ्रीझ झालं की १५०ने पळणारी बाईक पण रस्त्यात उभी केल्यासारखी दिसते. बाजूने जाणाऱ्या बाईकला १/२५० पासून सुरू करा, जमायला लागलं की १/१२५, मग १/६०. समोरून अंगावर येत असेल तर मात्र १/८०० वगैरे, तिथे पॅनिंगला, म्हणजे बाईकसोबत कॅमेरा फिरवत फोटो काढायला, काही अर्थच नाही.
पॅनिंगचं सगळं कंबरेत असतंय. जिथे क्लिक करायचं त्या जागेकडे पाय रोवायचे, कंबरेतून मागे वळायचं, बाईक लांब असतानाच व्ह्यूफाइंडरमध्ये पकडायची, तिच्या वेगाने फिरत यायचं, क्लिक करायचं आणि क्लिक झाल्यावरही फिरत राहायचं. बहुतेकजण बटण दाबलं की थांबतात आणि तिथेच फोटो हलतो. याची प्रॅक्टिस आजपासून कर्वे रोडला करा, बस, रिक्षा, स्कूटी जे येईल ते. गाड्या हळू असतात म्हणून तिथे १/३० ठेवा, ते जमलं की ट्रॅक सोपा वाटतो.

मायलापूरचा_मराठी:
चेन्नईत राहतो म्हणून इथलं सांगतो. ट्रॅक ३.७१७ किमीचा, १२ कॉर्नर, बाईकची लॅप दोन मिनिटांच्या आसपास, म्हणजे एकच रायडर त्याच कॉर्नरला पुन्हा पुन्हा येतो आणि बहुतेक त्याच लाईनने येतो. म्हणून रविवारची रेस धरून बसू नका, प्रॅक्टिस आणि क्वालिफायिंगलाच जा, तेव्हा जागा शोधा, शटर ठरवा. सरळ रस्त्यावर नका थांबू, कॉर्नरला थांबा, तिथे बाईक झुकते, गुडघा खाली येतो, वेगही कमी असतो. रेसची पहिली लॅप मात्र सोडू नका, सगळे एकत्र असतात ते तेव्हाच.
दुपारी ऊन भयंकर, टोपी, पाणी, ओआरएस, कानात घालायला इअरप्लग. आणि भर दुपारी लांबचे शॉट मऊ येतात ते फोकसमुळे नाही, तापलेल्या डांबरावरची हवा थरथरते म्हणून. तेव्हा जवळचे काढा, लांबचे सकाळी लवकर नाहीतर चारनंतर.

नाशिकचा_पॅनर:
जाळीचं बोलूया, कारण खरी अडचण तिथे आहे. लेन्स जाळीला जवळजवळ टेकवायची, अपर्चर पूर्ण उघडं ठेवायचं, म्हणजे तार विरघळून जाते. शक्यतो तारेवर ऊन नसेल अशी जागा, चकाकती तार फोटोत पांढरा धुरकट पट्टा सोडते. पण गंमत बघा, वर १/१२५ सांगितलंय ना, भर उन्हात आयएसओ १०० ला १/१२५ म्हणजे अपर्चर एफ/१४-१६ इतकं बारीक होतं (आकडा मोठा तितकं छिद्र लहान) आणि जाळी परत उगवते, शिवाय सेन्सरवरची धूळ पण आकाशात ठिपके होऊन दिसते. यावर उपाय एनडी८ फिल्टर, लेन्सवर लावायची गडद काच. तीन स्टॉप उजेड कापतो, म्हणजे आठवा भागच आत येतो, १६ चं थेट ५.६ होतं आणि तुमच्या लेन्सचं २५० ला सगळ्यात मोठं अपर्चर तेच आहे. ५८ मिमीचा घ्या, लेन्सपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. बाकी कशावर खर्च नाही केला तरी चालेल, यावर करा.

पुणेरी_क्लिक:
एनडीचं डोक्यातच आलं नव्हतं, आजच बघते! फोकस कसा ठेवू? कॅमेऱ्यात फोकसचे नऊच पॉइंट आहेत.

नाशिकचा_पॅनर:
फक्त मधला, एआय सर्वो (हलत्या गोष्टीवर फोकस सतत धरून ठेवणारा मोड), आणि तो पॉइंट रायडरच्या हेल्मेटवर. मधला पॉइंट क्रॉस टाइप आहे, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडतो, बाकीच्यांपेक्षा भरवशाचा. टीव्ही (Tv) मोड, म्हणजे शटर तुम्ही ठरवायचं आणि अपर्चर कॅमेरा ठरवतो, आयएसओ १००. बर्स्टमध्ये, म्हणजे सलग काढताना, सेकंदाला तीनच फ्रेम, त्यामुळे नुसतं बटण दाबून ठेवू नका, झुकलेल्या क्षणाला दोन-तीन घ्या. बाईक मध्यावर आल्यामुळे समोर जागा उरत नाही, म्हणून थोडं सैल फ्रेम करा, क्रॉप घरी.

शटरवाला_कोल्हापूर:
आणि जास्तीची बॅटरी घ्या ताई. ट्रॅकवरचे सुरक्षा बघणारे मार्शल जिथे थांबा म्हणतील त्याच्या पुढे एक पाऊल नाही, फोटो कितीही भारी दिसत असला तरी.