प्रति: ३ मेगापिक्सेल पुरेत का?

'४ बाय ६ इंचाच्या प्रिंटला ३ मेगापिक्सेल (म्हणजे ३० लाख पिक्सेल, फोटोचे बारीक ठिपके) पुष्कळ झाले' असं या चर्चेत एकाने म्हटलंय, ते गणिताने बरोबरच आहे. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर १८०० गुणिले १२००, म्हणजे २१ लाख ६० हजार पिक्सेल. पण कार्डात जास्त फोटो मावावेत म्हणून कॅमेऱ्यात फोटोची साइज, म्हणजे पिक्सेलची संख्या, कमी करून ठेवू नका.

मी तेच केलं होतं. भावाच्या लग्नातला ग्रुप फोटो २०४८ बाय १५३६ वर, म्हणजे ३ मेगापिक्सेलवर काढला. पुढे आजी गेली, भिंतीवर लावायला तिचा एकटीचा फोटो त्यातूनच काढायचं ठरलं. झूम करून पाहिलं तर चेहरा जेमतेम ८० पिक्सेल रुंद. नीट छापायचा तर पाव इंच! मोठा केला की नथीच्या जागी नुसते चौकोन. नसलेले पिक्सेल आणणार कुठून?

साइज लार्जच असू द्या. जागा वाचवायचीच असेल तर क्वालिटी फाइनवरून नॉर्मलवर आणा; फाइल लहान होते, पिक्सेल तेवढेच राहतात. व्हॉट्सॲपसाठी लहान काय, नंतर कधीही करता येतो.

आणि हो, कॉम्पॅक्ट (खिशात मावणाऱ्या छोट्या) कॅमेऱ्याच्या फोटोचं लांबी-रुंदीचं प्रमाण बहुधा ४:३ असतं, ४ बाय ६ च्या कागदाचं मात्र ३:२. लॅबवाला वरखाली कापतो, तेव्हा डोक्यावर जरा जागा सोडत जा.