आयर्विनची पातळी मलाही वाचायची आहे

सांगलीवाडीकर

काल येथे विटेकर गुरुजींनी लिहिले की, दिव्यांगांसाठी ॲप, बोलणारी यंत्रे आणि संकेतस्थळे यांवर होणारा खर्च ही हौस आहे; त्यांना खरी गरज हात धरणाऱ्या माणसाची आहे, आणि यंत्र आले की शेजारी हात पुढे करायचा थांबतो. त्याखाली इतक्या जणांनी 'अगदी खरे' लिहिले आहे की मला राहवले नाही.

मी पूर्ण अंध आहे. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा चढत होती, तेव्हा आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी मोजलेल्या पाण्याच्या पातळीचे फोटो येत होते. 40 फुटांवर इशारा आणि 45 फुटांवर धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असते. पडद्यावरचा मजकूर मला बोलून दाखवणारा माझा फोन मात्र फोटो आला की प्रत्येक वेळी 'चित्र' एवढेच म्हणायचा. हात धरणारी माणसे माझ्याकडे कमी नाहीत, गुरुजी. पण त्या रात्री ज्याचे त्याचे हात धान्याची पोती माळ्यावर चढवण्यात गुंतले होते. मला पातळी कळली ती पहाटे, दाराबाहेर पाऊल टाकले आणि दुसऱ्या पायरीवर पाणी लागले तेव्हा. फोटोखाली कोणी फूट आणि इंच टाइप केले असते, तर त्याला एक पैसाही लागला नसता.

विटेकर गुरुजी

आपल्यावर आलेला प्रसंग वाचून वाईट वाटले, परंतु माझे म्हणणे मी मागे घेणार नाही. माझ्या शाळेत एक अंध विद्यार्थी होता. वर्गातली मुले पाळीपाळीने त्याला धडे वाचून दाखवत आणि तो दहावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. त्या मुलांना जे शिक्षण मिळाले ते कोणत्या ॲपने दिले असते? पुढे एका शिबिरात त्याला बोलणारे यंत्र मिळाले. सहा महिन्यांत ते बंद पडले आणि दुरुस्त करणारा माणूस जिल्ह्यात सापडला नाही. वाटपाचे फोटो निघतात, यंत्रे माळ्यावर जातात. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून हौस हा शब्द वापरला.

सांगलीवाडीकर

शिबिरांबद्दल आपण म्हणता ते खरे आहे, हे मला मान्य करावे लागते. पण वाटपाची यंत्रे म्हणजे सुगम, म्हणजे दिव्यांगांनाही स्वतः वापरता येईल असे, तंत्रज्ञान नव्हे. मी संगणकावर एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरतो. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी 2006 मध्ये ते सुरू केले आणि ते आजही फुकट मिळते. अँड्रॉइड फोनमध्ये तेच काम करणारे टॉकबॅक आधीपासूनच असते. माझ्याकडची बाजू तयार आहे. अडते ते समोरून येणाऱ्या मजकुरापाशी.

आणि त्या मुलाचे पासबुक कोण वाचत होते? मी एका बँकेत गेलो असता खिडकीवरच्या बाईंनी माझी शिल्लक रांगेला ऐकू जाईल अशी मोठ्याने वाचली आणि चेकबुक देण्याऐवजी 'घरातल्या कोणाला तरी आणा' म्हणाल्या. अंध ग्राहकाला चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग नाकारू नये असे रिझर्व्ह बँकेने 2008 मध्येच बँकांना कळवले आहे. माझ्या पगाराचा आकडा आधी मला कळावा आणि मग मला वाटले तर इतरांना, एवढेच मागतो आहे. हात धरणाऱ्याला मी नको म्हणत नाही. प्रत्येक वेळी तो लागलाच पाहिजे, याला नको म्हणतो.

ताजे उदाहरण देतो. एका स्थानिक कार्यालयाने दिव्यांगांसाठी राखून ठेवलेल्या 5 टक्के निधीची लाभार्थी यादी पीडीएफमध्ये टाकली. मी उघडली, तर 'लाभार्थी' या शब्दाच्या जागी कानात 'वाय, के, एच, के, के, एफ, के, एच, झेड' ऐकू आले. दिव्यांगांची यादी दिव्यांगालाच वाचता येत नाही!

डीटीपी, गणपती पेठ

सर, हा कृतिदेव या जुन्या मराठी फॉन्टचा दोष तुम्ही आमच्यासारख्यांच्या माथी मारू नका. अशा याद्या मीच टाइप करतो. मी टंकलेखनाची परीक्षा ज्या कळांवर दिली, त्याच कळा या फॉन्टला आहेत. पाने जुळवायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, कधीच आले नाही, छापखाने वर्षानुवर्षे त्यावरच चालले आणि हजारो फाइली त्यात पडून आहेत. पानाचे ठरलेले 40 रुपये मिळतात. त्यात सगळे बदलून द्यायचे, रफार आणि जोडाक्षरे पुन्हा तपासायची, हे कोण करणार? डोळ्यांना तर यादी स्वच्छ दिसते.

सांगलीवाडीकर

डोळ्यांना दिसते हेच तर दुखणे आहे! त्या फॉन्टने इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवले आहेत. फाइलच्या पोटात मराठी नाहीच. युनिकोडच्या पहिल्याच, 1991 च्या आवृत्तीत देवनागरी होती. आणि कळांचे म्हणाल, तर टंकलेखन यंत्राचा तोच रेमिंग्टन कळफलक युनिकोडलाही मिळतो, आपल्या बोटांना नव्याने शिकावे लागणार नाही. हे आपल्याला ठाऊक नसेल असे मी मानत नाही.

डीटीपी, गणपती पेठ

ठाऊक आहे. मी बदललो तरी साहेबांच्या टेबलावरचा जुना संगणक ती फाइल नीट उघडत नाही आणि काम परत येते. मग मी पुन्हा कृतिदेव लावतो. तुम्ही माझ्यावर चिडता. त्यांच्यावर चिडून पाहा.

तासगाव रस्ता

फॉन्टवर इतकी अक्षरे खर्ची पडली, म्हणून लिहितो. मी चाकाच्या खुर्चीवर असतो. एका कार्यालयाची वेळ मी ऑनलाइन घेतली, अर्ज सुरळीत भरला, पोचही आली. आणि दाराशी गेलो तर तीन पायऱ्या. बाजूला उतार होता, पण 1 फूट उंचीला 12 फूट लांबी हवी, तिथे जेमतेम 4 फूट होती आणि पायथ्याशी दुचाकी लावलेल्या होत्या. गुरुजी चूक आहेत असे मला वाटते, पण संगणकावर सगळे सुटते असे मानणारेही चूक आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी सांगितले की सुगमतेचे नियम केवळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. आणि 30 एप्रिल 2025 रोजी डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. दोन्ही निकाल एकत्र वाचा. दार आणि पडदा यांत निवड करायला आम्हाला कोणीही सांगू नये.

मिरजेची आई

माझा मुलगा जन्मापासून ऐकू शकत नाही. 2019 ला आमच्याकडे रिक्षावर भोंगा लावून घरे सोडायला सांगितले, ते त्याला कसे कळावे? मी तेव्हा कामावर होते आणि तो घरी एकटा होता. सांगलीवाडीकर दादा, तुम्ही टाइप करा म्हणता, तेही मला पुरत नाही. त्याची पहिली भाषा खुणांची आहे. लिहिलेली मराठी तो अडखळत वाचतो. 'विसर्ग वाढवल्याने पातळीत वाढ अपेक्षित' या वाक्यातून त्याला काही बोध होत नाही. अर्ध्या मिनिटाची सांकेतिक भाषेतली चित्रफीत आली असती, तर झाला असता. प्रत्येक चर्चेत अंध आणि खुर्ची यांच्यापुढे गाडी जात नाही, याचा मला राग येतो.

सांगलीवाडीकर

ताई, हे माझ्या लक्षात यायला हवे होते, आले नाही. मजकूर टाइप झाला की सगळ्यांचे भागले, असेच मी धरून चाललो होतो.

विटेकर गुरुजी

भोंग्याचा मुद्दा मला निरुत्तर करतो. पुराच्या रात्री हात धरणारा असेलच असे नाही, हे मी मान्य करतो. एरवीच्या दिवसांबद्दल माझे मत तेच आहे. आमच्या गटावर यापुढे पाण्याची पातळी फोटोसोबत अक्षरांतही लिहिली जाईल, हे मी स्वतः पाहीन. खुणांची भाषा येणारे कोणी माझ्या माहितीत नाही. ताईंच्या माहितीत असल्यास कळवावे.

डीटीपी, गणपती पेठ

सर, तीच यादी रात्री बसून युनिकोडमध्ये केली आणि तुम्हाला पाठवली आहे. कार्यालय ती टाकील की नाही, ते माझ्या हातात नाही.

सांगलीवाडीकर

मिळाली. नावे, गावे, रकमा सगळे वाचता आले; माझे नाव 17 व्या क्रमांकावर आहे, ते आज प्रथम मी स्वतः ऐकले. आभारी आहे. तिसऱ्या पानावरचा तक्ता मात्र अजून 'चित्र' आहे.