परसात मधमाश्या येईनात, आपल्याकडची कुठली रानफुलं लावू?

पाचगावकर: घराच्या मागं थोडी मोकळी जागा आहे, काळी माती, दोडका, दुधी, लाल भोपळा नि वांगी लावलीत. दोडक्याला नि दुधीला फुलं लई, पण बारकी फळं पिवळी पडून गळायलीत. सकाळी ऑफिसला जायच्या आधी बघतो तर एक माशी फिरकत नाही. ऑनलाइन रानफुलांच्या मिक्स बियांचं पाकीट मिळतंय, पण त्यात कॉसमॉस झिनिया असलंच, ती तर मेक्सिकोकडची. मसाई पठारावरनं सोनकी उपटून आणली तर जगंल का?

माळावरचा: भावा, दोडका-दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, सकाळी माशी कुठनं दिसणार! त्यांच्यावर रात्रीचे पतंग येतात, मागचा फोकस रात्रभर चालू असेल तर आधी बंद कर. तोवर अंधार पडायच्या सुमारास नर फूल तोडून मादी फुलात फिरव, मादीच्या खाली बारकं फळ असतंय. लाल भोपळ्याचं मात्र पहाटे उमलून दुपारच्या आत मिटतं, तिथं माशीच पाहिजे.

रानवाट: सोनकी पठारावरच राहू द्या, कातळावरच्या पातळ मातीतलं रोप ते. कारवीच्याही नादाला लागू नका, सात वर्षांनी एकदा फुलती. कुंपणाला तरवड लावा. त्याचे पराग केसराच्या टोकाच्या भोकातनं बाहेर पडतात, त्यासाठी माशीनं फुलाला धरून अंग थरथरवावं लागतं. सातेरीला (आपली पेटीत पाळतात ती मधमाशी) ते जमत नाही, भुंग्याला नि निळ्या पट्ट्याच्या माशीला जमतं, आणि वांग्याचं फूलही तसलंच, म्हणून तरवडावर येणारी गिऱ्हाइकं वांग्यालाही उपयोगी. बाकी अडुळसा, निर्गुडी, तुळस (मंजिऱ्या खुडू नका), आणि गौरीला आणतो तो तेरडा, एकदा आला की बोंडं फुटून बी आपोआप पडतं. एका कोपऱ्यात माती उघडी ठेवा, फरशी घालू नका, निळ्या पट्ट्याची माशी जमिनीतच बीळ करती.

राजारामपुरी_काकू: एवढं कशाला, आमच्या दारात घाणेरी आणि एकदांडी फुकटात आलीय, फुलपाखरं नुसती भिरभिरत असतात.

रानवाट: काकू, दोन्ही बाहेरनं आलेल्याच. एकदांडी राहू द्या, बारक्या माश्यांना बरी, पण घाणेरी नको हो, पक्षी फळं खाऊन बी लांबलांब टाकतात आणि मग तिच्याखाली दुसरं काही उगवत नाही.

पाचगावकर: तरवडाचं बी कुठं मिळंल? नर्सरीवाला हसला मला.

माळावरचा: हसू दे त्याला. माळावर, रस्त्याच्या कडंला बघ, शेंगा वाळल्या की काढायच्या. बी लई कठीण असतंय, सॅंडपेपरवर जरा घासून रात्रभर पाण्यात टाक, आणि थेट जागेवरच टोक. वांग्यावर औषध मारायचं झालंच तर संध्याकाळी उशिरा, आणि दोडक्या-दुधीच्या फुलांवर उडू देऊ नको.