इंग्लंडचा इतिहास ऐकायचा आहे: पॉडकास्टबाबत सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

शाळेच्या पुस्तकात इंग्रज आम्हाला भेटले ते थेट सुरतेच्या वखारीत. पहिल्या एलिझाबेथ राणीने ३१ डिसेंबर १६०० रोजी ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली, एवढे पाठ होते. पण ती सनद देणारे राज्य मुळात कसे घडले, त्याआधी तिथे कोण कोणाशी लढत होते, हे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. आता डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर वाचन कमी करावे लागले आहे, म्हणून संध्याकाळी फिरताना हा इतिहास अगदी पहिल्यापासून, क्रमाने ऐकावा अशी इच्छा आहे. एकच निवेदक असावा, घाई नसावी. जाणकारांनी कृपया सुचवावे.

प्रतिसाद १

डेव्हिड क्राउदर यांचे ‘द हिस्ट्री ऑफ इंग्लंड’ निःसंकोचपणे ऐका. हे गृहस्थ व्यवसायाने इतिहासकार नाहीत. २०१० पासून ते निव्वळ आवडीपोटी, आपल्या बागेतल्या शेडमध्ये बसून हा इतिहास सांगत आहेत. रोमन सत्ता ब्रिटनमधून गेल्यानंतरच्या काळापासून ते आरंभ करतात आणि आजवर शेकडो भाग झाले आहेत. वेळेचे बंधन नसल्यामुळे राजांच्या लढायांइतकीच गावातली शेती, न्यायनिवाडा आणि करवसुली यांनाही ते जागा देतात, आणि अभ्यासकांमध्ये मतभेद असतील तिथे दोन्ही बाजू मांडून आपला कल कुठे आहे हेही सांगतात.

माझी एकच कळकळीची विनंती आहे: नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले त्या १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईपासून सुरुवात करू नका. बरेच जण तसे करतात आणि आधीची सहा शतके गमावतात. ८७८ च्या जानेवारीत, नाताळचा सण नुकताच सरलेला असताना, डेन लोकांनी, म्हणजे डेन्मार्ककडून आलेल्या आक्रमकांनी, चिपेनहॅमवर अचानक चाल केली आणि दक्षिणेकडील वेसेक्स या राज्याचा राजा आल्फ्रेड मोजक्या माणसांनिशी सॉमरसेटच्या दलदलीत निसटला. अ‍ॅथेल्नी नावाच्या, चहूबाजूंनी पाणी आणि चिखल असलेल्या उंचवट्यावर त्याने छोटी गढी उभारली, तिथून गनिमी काव्याने छापे घातले आणि ईस्टरनंतरच्या सातव्या आठवड्यात तीन परगण्यांतली माणसे गोळा केली. राजा जिवंत पाहून त्या लोकांना आनंद झाला, अशी नोंद त्या काळच्या बखरीत आहे. पुढे एडिंग्टनला विजय मिळाला आणि पराभूत डेन राजा गुथ्रमच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आल्फ्रेड स्वतः त्याचा धर्मपिता झाला. पुढे ९२७ मध्ये आल्फ्रेडचा नातू अ‍ॅथेल्स्टन साऱ्या इंग्लंडचा राजा झाला, त्याचा पाया या दलदलीत आहे.

प्रतिसाद २

वरील शिफारशीला अनुमोदन. त्याहूनही सावकाश चालणारे काही हवे असेल, तर जेमी जेफर्स यांचे ‘द ब्रिटिश हिस्ट्री पॉडकास्ट’ आहे. ते प्रागैतिहासिक काळापासून सुरू होते.

मात्र हौशी निवेदक असो वा प्राध्यापक, ऐकलेले पडताळून पाहावे. हेस्टिंग्जच्या लढाईत हरलेला हॅरॉल्ड राजा डोळ्यात बाण लागून मेला ही गोष्ट आपण सारेच ऐकतो. पण फ्रान्समधल्या बायो गावच्या, त्या लढाईचे चित्रण असलेल्या सुमारे ७० मीटर लांबीच्या भरतकामात नेमकी कोणती आकृती हॅरॉल्डची, यावरच वाद आहे आणि त्या कापडाची नंतर दुरुस्तीही झालेली आहे. निवेदक अशा जागी थांबतो की पुढे सरकतो, यावरून मी त्याची पारख करतो. क्राउदर थांबतात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. क्राउदर यांचे सुरुवातीचे काही भाग ऐकले आणि आवाज, गती दोन्ही आवडले. अडचण फक्त नावांची आहे. अ‍ॅथेल्बाल्ड, अ‍ॅथेल्बर्ट, अ‍ॅथेल्रेड, हे तिघे सख्खे भाऊ एकामागून एक गादीवर येतात आणि मग चौथा आल्फ्रेड. चालताना कोण गेला आणि कोण आला हेच कळेनासे होते.

प्रतिसाद ३

नावे फोडून ऐकावीत, म्हणजे ती लक्षात राहतात. ‘अ‍ॅथेल’ म्हणजे कुलीन आणि ‘रेड’ म्हणजे सल्ला, म्हणून अ‍ॅथेल्रेड म्हणजे कुलीन सल्ला. आल्फ्रेडच्या नावातही शेवटी तोच ‘रेड’ आहे. पुढे अ‍ॅथेल्रेड नावाचाच दुसरा राजा येईल, ज्याच्या कारकिर्दीत डेन लोकांना खंडणीमागून खंडणी द्यावी लागली. त्याला लोकांनी ‘अनरेड’ म्हटले. आपल्या ‘अनादर’, ‘अनिच्छा’मधल्या नकारासारखाच हा ‘अन’ आहे, त्यामुळे मराठी कानाला तो चटकन कळतो: ज्याला धड सल्ला नाही असा. पुढच्या इंग्रजीत त्याचे ‘अनरेडी’ झाले आणि तो बेसावध राजा ठरला, पण मूळ दोष सल्ल्याचा होता.

क्राउदर यांच्या संकेतस्थळावर नकाशे आणि वंशावळी आहेत. वेसेक्सच्या घराण्याची वंशावळ घरच्या कोणाकडून मोठ्या अक्षरांत छापून घ्या आणि फिरायला निघण्यापूर्वी त्या दिवसाच्या राजावर बोट ठेवून पाहा.