पास्ट परफेक्टमध्ये 'ऑलरेडी', 'स्टिल', 'अगो' नेमके कुठे बसवायचे?

शंकासुर, कर्वेनगर
दहावीच्या मुलांसाठी पास्ट परफेक्टचा सरावकागद करतेय. 'हॅड' आणि क्रियापदाचं तिसरं रूप इथपर्यंत मुलं चुकत नाहीत. क्रियाविशेषण आलं की घोळ सुरू. वह्यांमध्ये सतत दिसणारी वाक्यं:

१. 'आय हॅड गॉन टू स्वारगेट यस्टरडे.'
२. 'द बस ऑलरेडी हॅड लेफ्ट.'
३. 'शी हॅड रिटन नीटली द आन्सर.'
४. 'ही हॅड नॉट स्टिल रिप्लाइड.'

दुसरं वाक्य चूक धरून गुण कापायचे का? आणि 'अगो' चालतं की 'बिफोर'च हवं?

पेठेतला_प्रूफरीडर
आधी २, ३ आणि ४ घेतो. पहिल्याचं दुखणं वेगळं आहे.

'ऑलरेडी', 'जस्ट', 'नेव्हर', 'ऑलवेज', 'रीसेंटली', 'फायनली' यांची नेहमीची जागा 'हॅड' आणि तिसरं रूप यांच्यामध्ये: 'द बस हॅड ऑलरेडी लेफ्ट.' तुमचं दुसरं वाक्य सपशेल चूक नाही. 'हॅड'वर जोर द्यायचा असेल तर तसं म्हणतात, आणि 'येस, आय ऑलरेडी हॅड' अशा तुटक उत्तरात तर तोच क्रम लागतो. पण दहावीच्या कागदात मधली जागाच शिकवा. गुण कापू नका, लाल पेनाने बाण काढा.

प्रश्नार्थी वाक्यात कर्ता मध्ये येतो आणि क्रियाविशेषण त्याच्या मागे जातं: 'हॅड द बस ऑलरेडी लेफ्ट?'

खरी गंमत कर्मणी प्रयोगात. तिथे 'हॅड' आणि 'बीन' अशी दोन सहायक क्रियापदं असतात. वेळेचं क्रियाविशेषण पहिल्याच्या मागे, रीतीचं 'बीन'च्या मागे. 'द रोड हॅड ऑलरेडी बीन रिपेअर्ड', पण 'द रोड हॅड बीन बॅडली डॅमेज्ड'. दोन्ही एकत्र आले तरी जागा बदलत नाहीत: 'द रोड हॅड ऑलरेडी बीन बॅडली डॅमेज्ड.'

तिसऱ्या वाक्यात चूक एकच: क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यात काही घुसवायचं नसतं. 'शी हॅड रिटन द आन्सर नीटली' किंवा 'शी हॅड नीटली रिटन द आन्सर'. मात्र 'वेल', 'हार्ड', 'फास्ट' यांना कर्तरी वाक्यात मधली जागा मिळत नाही, ते शेवटीच. इथे मुलं 'हार्ड'चं 'हार्डली' करून मोकळी होतात आणि अर्थ उलटा होतो: 'ही हॅड वर्क्ड हार्ड' म्हणजे कष्ट केले होते, 'ही हॅड हार्डली वर्क्ड' म्हणजे जवळजवळ काहीच केलं नव्हतं.

चौथं: नकारात 'स्टिल' हा 'हॅड'च्या आधी येतो. 'ही स्टिल हॅड नॉट रिप्लाइड.' 'यट' मात्र 'नॉट'च्या लगेच मागे किंवा वाक्याच्या शेवटी: 'ही हॅड नॉट यट रिप्लाइड', 'ही हॅड नॉट रिप्लाइड यट'. बोलण्यात शेवटचं जास्त.

खडकवासलेकर
पहिल्या वाक्याबद्दल. 'मी काल स्वारगेटला गेले होते' हे मराठीत एकटं उभं राहू शकतं. इंग्रजीत पास्ट परफेक्टला मागे टेकायला भूतकाळातला दुसरा क्षण लागतो. तो नसेल तर सरळ 'आय वेंट टू स्वारगेट यस्टरडे'. 'यस्टरडे दिसलं की हॅड खोडा' असा नियम मात्र देऊ नका. 'बाय फाइव्ह ओक्लॉक यस्टरडे, द बस हॅड लेफ्ट' अगदी बरोबर आहे, कारण इथे कालचे पाच हाच तो दुसरा क्षण.

'अगो' आजपासून मागे मोजतो, म्हणून साध्या भूतकाळाबरोबर. 'बिफोर' किंवा 'अर्लिअर' भूतकाळातल्या क्षणापासून मागे मोजतात: 'व्हेन आय मेट हर, शी हॅड लेफ्ट द जॉब थ्री इयर्स अर्लिअर.' आणि क्रम पाहा. 'तीन वर्षांपूर्वी' डोक्यात ठेवून मुलं 'बिफोर थ्री इयर्स' लिहितात. ते नको, 'थ्री इयर्स बिफोर' हवं. अप्रत्यक्ष कथनात 'अगो'चं 'बिफोर' आणि 'यस्टरडे'चं 'द प्रीव्हियस डे' होतं, तेही याच हिशेबाने.

पुण्याचंच उदाहरण हवं तर पानशेत. 'द डॅम बर्स्ट ऑन १२ जुलै १९६१': नुसती तारीख, साधा भूतकाळ. 'बाय द टाइम द वॉटर रीच्ड द सिटी, द डॅम हॅड ऑलरेडी बर्स्ट': दोन घटना, म्हणून 'हॅड'. इथे 'बाय'च्या जागी 'टिल' टाकायची सवय फार आहे. 'टिल ईव्हनिंग ही हॅड फिनिश्ड' नाही, 'बाय ईव्हनिंग'.

शंकासुर, कर्वेनगर
आभार. 'आफ्टर', 'बिफोर' जोडून दोन वाक्यं आली तर 'हॅड' सक्तीचा का? आणि 'नो सूनर'चं काय करू? परीक्षेत येतंच.

तास_चौथा
सक्ती नाही. 'आफ्टर' आणि 'बिफोर' आधी काय, मग काय हे स्वतःच सांगतात, त्यामुळे साधा भूतकाळही बरोबर. सक्तीच्या जवळ जातो तो 'व्हेन'. 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट' म्हणजे आपण पोहोचलो आणि गाडी हलली. 'द ट्रेन हॅड लेफ्ट' म्हणजे फलाट रिकामा.

'नो सूनर'ची जोडी 'दॅन'शी. 'हार्डली' आणि 'स्केअर्सली' यांची 'व्हेन'शी. ही जोडी बदलली की गुण गेला. शब्द वाक्याच्या सुरुवातीला आला तर 'हॅड' कर्त्याच्या आधी: 'नो सूनर हॅड द बेल रंग दॅन द बॉइज रॅन आउट.' दुसऱ्या भागात पुन्हा 'हॅड' घालायचा नाही. 'डिड' वापरायचा असेल तर मूळ रूप: 'नो सूनर डिड द बेल रिंग'. 'डिड रंग' अशी खिचडी दरवर्षी भेटते.

पेठेतला_प्रूफरीडर
एक राहिलं. 'वी हॅड ऑलरेडी हॅड लंच' यातला दुसरा 'हॅड' मुलं छपाईची चूक समजून खोडतात. तो 'हॅव'चं तिसरं रूप आहे, हवाच. उलट 'ही हॅड जस्ट टू टिकिट्स' यात पास्ट परफेक्ट नाहीच. 'हॅड' तिथे मुख्य क्रियापद आणि 'जस्ट' म्हणजे फक्त.

खडकवासलेकर
कागदासाठी सुचवतो: गाळलेल्या जागा देऊ नका, त्यात मुलं कंसातल्या शब्दावरून अंदाज मारतात. दोन वेळा द्या. गाडी सुटली ७:१५, आपण पोहोचलो ७:२५. यावर 'व्हेन', 'बाय द टाइम' आणि 'टेन मिनिट्स अर्लिअर' घेऊन तीन वाक्यं करायला सांगा. मग वेळा उलटवा: पोहोचलो ७:०५, गाडी ७:१५. आता 'द ट्रेन हॅड नॉट लेफ्ट यट' लिहावं लागतं, आणि 'ऑलरेडी' पाठ करून आलेला तिथे लगेच कळतो.