प्लग-इन हायब्रिड: पी०एए६ कोड, बॅटरी पॅक बदला म्हणतात, वॉरंटी नाकारली. काय करावं?

एडिसनकर: २०१८ ची गाडी, ९१ हजार मैल, न्यू जर्सीतच घेतलेली. बिघाडाचा कोड पी०एए६, गाडी 'रेडी'ला येत नाही, म्हणजे चालवायला तयारच होत नाही. डीलरने पूर्ण पॅकचे १४ हजार डॉलर सांगितलेत. ८ वर्षे/१ लाख मैलांची वॉरंटी अजून शिल्लक आहे, पण उन्हाळ्यात एसीचा गॅस बाहेर भरला म्हणून नाकारली. बजेट फार तर २ हजार.

सह्याद्री_७७: या कोडचा अर्थ पॅक गेला असा नाही. हाय-व्होल्टेज आणि बॉडी यांच्यातलं इन्सुलेशन उतरलंय. गळती पॅक, इन्व्हर्टर, मोटर, ऑनबोर्ड चार्जर, नारिंगी केबल, एसी कॉम्प्रेसर, कुठेही असेल. एकेक भाग सुटा करून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) मोजतात. प्रत्येक भागाचे आकडे लेखी मागा. ते नसतील तर पॅकचं निदान झालेलंच नाही.

तुम्ही एसीचा गॅस बाहेर भरलाय, म्हणून आधी कॉम्प्रेसर. त्याची मोटर गॅस आणि तेलातच फिरते, त्यामुळे वीज न वाहून नेणारं पीओई तेल लागतं. इंजिनाच्या बेल्टवर एसी चालणाऱ्या गाड्यांचं पीएजी तेल थोडंसं गेलं तरी इन्सुलेशन पडतं.

जर्सी_काका: वकील गाठा. १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. बाहेर काम केलं म्हणून वॉरंटी रद्द करताच येत नाही!

नीलिमा_बे_एरिया: काका, अर्धंच बरोबर. बाहेरच्या कामामुळेच बिघाड झाला हे दाखवलं तर तेवढ्या बिघाडापुरती नाकारता येते. म्हणजे पीएजी निघालं तर कॉम्प्रेसर तुमच्या खिशातून. पॅक खराब असेल तर त्याचा तेलाशी संबंध त्यांनी दाखवायचा. गॅस भरणाऱ्याकडून तेलाचा प्रकार लिहिलेलं बिल मिळवा.

शिवाय न्यू जर्सी कॅलिफोर्नियाचे उत्सर्जन नियम पाळते. गाडी टीझेडईव्ही (त्या नियमांतला जवळपास शून्य उत्सर्जनाचा वर्ग) म्हणून प्रमाणित असेल तर बॅटरीला १० वर्षे/१.५ लाख मैल मिळतात. हूडखालचं स्टिकर आणि वॉरंटी पुस्तिका पाहा.

प्राइमवाला: टोयोटा २०२० च्या मॉडेलपासून हायब्रिड बॅटरीला १० वर्षे/१.५ लाख सरसकट देते. आमच्याकडे २०२१ ची टोयोटा प्राइम, प्लग-इनच, आहे, एकदम निर्धास्त. ही विका, ती घ्या.

सह्याद्री_७७: बजेट २ हजार लिहिलंय. आणि रॅव्ह४ हायब्रिडची मागच्या मोटरची केबल हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने गंजायची, तिची वॉरंटी टोयोटाला वाढवावी लागली.

प्राइमवाला: ती प्लग-इन नव्हती.

सह्याद्री_७७: मीठ दोघींनाही तेच लागतं.

कोथरूड_मोटर्स: १२ व्होल्टची बॅटरी बदलून पाहिली का? ती उतरली की काहीही कोड येतात.

नीलिमा_बे_एरिया: इतर कोड येतील, पण इन्सुलेशनचा आकडा त्याने सुधारत नाही. आणि कोड मिटवू नका, फ्रीज फ्रेमचा, म्हणजे कोड आला त्या क्षणी गाडीने साठवलेल्या आकड्यांचा, पुरावा जातो.

जर्सी_काका: तरी वकील. न्यू जर्सीत स्मॉल क्लेम्सची (छोट्या दाव्यांचं कोर्ट) मर्यादा ५ हजार आहे, १४ हजारांसाठी कोर्टाच्या स्पेशल सिव्हिल पार्टमध्ये जावं लागेल, तिथे २० हजारांपर्यंत चालतं.

एडिसनकर: सगळ्यांचे आभार. डीलरशी भांडत बसणार नाही, वकीलही नको. स्वतंत्र हायब्रिड गॅरेज मेगर टेस्ट करून देतंय. कॉम्प्रेसर निघाला तर तिथेच बदलून घेतो, रोज ऑफिसला गाडी लागते.

सह्याद्री_७७: नुसता कॉम्प्रेसर पुरणार नाही. पीएजी कंडेन्सर, इव्हॅपोरेटर, पाइप सगळीकडे साचतं, फ्लशने पूर्ण निघत नाही. त्यामुळे २ हजारांत बसणं कठीण, अंदाजपत्रकात हे भाग धरलेत का विचारा. तेलाचा नमुना आणि जुना कॉम्प्रेसर ताब्यात ठेवा. आणि गॅरेजमध्ये टाकण्याआधी कंपनीच्या ग्राहक विभागाला फोन करून केस नंबर घ्या. पॅकच दोषी निघाला तर वॉरंटीच्या मुदतीत तक्रार केल्याची तीच नोंद राहील.