कोत द्यु रोन आणि पानातलं काय? तुमचे अनुभव लिहा

मिरपूड:
नोकरीनिमित्त सहा वर्षं फ्रान्समधल्या ल्योंमध्ये आहे. इथल्या 'बुशों' नावाच्या खानावळींत टेबलावर जाड बुडाची छोटी बाटली येते. तिला 'पो' म्हणतात आणि तिच्यात ४६ सेंटीलिटर मावतात. पहिल्यांदा ती आली तेव्हा आत कोत द्यु रोन होती, म्हणजे इथल्या रोन नदीच्या खोऱ्यातली रेड वाईन. तोवर रेड वाईन म्हणजे काहीतरी आंबट-तुरट, असा माझा पक्का समज. हिच्यात आधी पिकलेल्या स्ट्रॉबेरीची, आलुबुखाराची चव आली आणि घोट उतरल्यावर मागून हळूच मिरी!

रोन खोऱ्याच्या दक्षिण भागात ही सहसा द्राक्षांच्या निरनिराळ्या जातींच्या मिश्रणातून करतात. ग्रेनाशकडून फळांची चव आणि अल्कोहोलचा जोर येतो, सिराकडून रंग आणि मिरी, आणि मूर्वेद्र घातली असेल तर थोडा मातकट, चामड्यासारखा वास. मिरी हा मनाचा खेळ नाही बरं का. काळ्या मिऱ्याला ज्या रोटंडोन नावाच्या संयुगामुळे वास येतो, तेच सिरामध्येही असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते २००८मध्ये दाखवून दिलं.

तर मंडळी, आपल्या किंवा तिथल्या जेवणाबरोबर काय जमलं, काय फसलं ते येऊ द्या. बाटल्यांच्या किमती नकोत.

रस्सेवाला:
फसलेलं मी सांगतो. बाटलीवर 'स्पायसी' लिहिलेलं. आम्ही पडलो कोल्हापूरचे, आमच्या लेखी स्पायसी म्हणजे तिखट. लंडनच्या घरी तांबडा रस्सा केला आणि ही बाटली उघडली. दुसऱ्या घोटाला कानातून वाफा! अल्कोहोल साडेचौदा टक्के, त्यात तुरटपणा आणि वर आमचा कांदा-लसूण मसाला, म्हणजे आगीत तेलच. फळबिळ काही लागलं नाही, नुसता जाळ.

दुसऱ्या दिवशी उरलेली वाईन पांढऱ्या रश्श्याबरोबर घेतली आणि बायको म्हणाली, "अहो, ही कालचीच आहे ना?" नारळाचं दूध, मिरी, लवंग, दालचिनी. अशी गट्टी जमली की विचारू नका. तेव्हा कळलं, हिला मसाला चालतो, मिरची चालत नाही.

वांगंप्रेमी:
+१. आणि शाकाहारी लोकांनी नाराज व्हायचं कारण नाही. दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्समधली रातातुई ही भाजी म्हणजे हिचं घरचंच जेवण: वांगी, झुकिनी, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि भरपूर ऑलिव्ह तेल. मी एक पाऊल पुढे जाऊन वांग्याचं भरीत करून पाहिलं. वांगं थेट जाळावर भाजलेलं, मिरची नावाला, वरून कच्चा कांदा नाही. भाजल्याचा धुरकट वास आणि मूर्वेद्रचा मातकटपणा एकमेकांना ओळखीचे असावेत असे वागले. दही घातलेलं भरीत मात्र नको, वाईन एकदम पातळ लागते.

भटकी:
आम्ही दोघं ऑक्टोबरात दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्योंला गेलो होतो. १३०९पासून बरीच वर्षं पोप रोम सोडून इथेच राहत होते. शेजारचं शातोनफ द्यु पाप हे गाव म्हणजे त्यांचा 'नवा किल्ला'. तिथल्या कितीतरी मळ्यांत माती दिसतच नाही, नुसते नदीतले गुळगुळीत गोटे. दिवसभर तापतात आणि रात्री ती ऊब सोडतात. मिस्त्राल वारा असा की माझी ओढणी शेजारच्या मळ्यात! (याच गावाने १९५४मध्ये उडत्या तबकड्यांना मळ्यांत उतरायला बंदी केली. खरंच. आजवर एकही उतरलेली नाही, म्हणजे कायदा यशस्वी.)

रात्री जेवायला मेंढीच्या कोकराची तंगडी होती, रोझमेरी, थाईम आणि लसूण लावून भाजलेली. तिकडच्या खडकाळ रानाला 'गारीग' म्हणतात आणि तिथे हीच झुडपं उगवतात. आधी नुसता घोट घेतला तेव्हा वाईन जरा उग्र वाटली होती. मांसाचा चरबीवाला तुकडा तोंडात असताना घेतली, तर तुरटपणा गेला कुठे कळलंच नाही. यजमानीणबाईंनी आधी ताटलीत काळ्या ऑलिव्हची तापनाद (आपल्या चटणीसारखी) ठेवली होती, तिच्याबरोबरही तेच. खारट आणि तेलकट असलं की ही खुलते, असं माझं मत झालं.

पेठकर:
येताना ड्यूटी-फ्रीमधून दोन बाटल्या आणल्या. मुभा दोन लिटरची, म्हणजे पाऊण लिटरच्या दोनच, अर्धा लिटर वाया. पुण्यातला मे महिना. 'रूम टेम्परेचरला प्या' हे वाचून तशीच उघडली आणि स्पिरिट हुंगल्यासारखं वाटलं. अहो, ती खोली त्यांची, आपली नव्हे! सोळा ते अठरा अंश हवेत. दुसरी बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग उघडली. आत्या वाईन घेत नाही, पण तिने ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाली, "मोरावळ्याची बरणी उघडल्यासारखं येतंय रे." त्यात लवंग घालतात ना, म्हणून. इतकं नेमकं वर्णन मी कुठल्याही बाटलीवर वाचलेलं नाही. सोबत खिमा-पाव होता, गरम मसाल्याचा, तिखट बेताचं. बाटली संपली.

मिरपूड:
@पेठकर, आत्यांना नमस्कार सांगा. @वांगंप्रेमी, भरीत रविवारी करतोय. इथली वांगी बिनबियांची आणि बेचव असतात, बघू.

सणवार:
होळीला पुरणपोळीबरोबर घेतली होती. कुणी घेऊ नका. गोडापुढे ती चिंचेच्या पाण्यासारखी आंबट लागते. ग्लास तसाच बाजूला सारला आणि मग वाटीतली कटाची आमटी ओरपताना सहज एक घोट घेतला. सासूबाई समोर बसल्या होत्या म्हणून दुसरा ग्लास मागता आला नाही.